मुघलांच्या काळातली केळी

माझी नोकरी नेमकी काय होती, हे आमच्या सासरच्या गोतावळ्यात एकालाही सांगता येत नाही. नणंदबाई लग्नकार्यात ओळख करून देतात, "ह्या आमच्या शैलावहिनी, कॉम्प्युटरमध्ये असतात." त्यावर समोरची बाई हमखास विचारते, "मग आधार कार्डावरचं नाव बदलून मिळेल का हो?" सुरुवातीला मी समजावत बसे. आता "मिळेल, पण सोमवारी या," म्हणते आणि पंगतीत जाऊन बसते. सोमवारी कुणी येत नाही, ही आपल्या लोकांची चांगली सवय.

खरं सांगायचं तर बुऱ्हाणपुरात बसून मी केळ्यांच्या तारखा सांभाळत होते. ऐकायला हे काम ज्योतिषाचं वाटतं, आणि थोडंफार होतंही तसंच.

ज्यांच्या गावी केळी फक्त गाडीवर दिसतात त्यांच्यासाठी दोन शब्द. केळं झाडावर पिकू दिलं तर ते वटवाघळांचं. धंद्याचं केळं हिरवंगार, दगडासारखं असतानाच कापतात. मग ते आमच्या चेंबरमध्ये येतं. चेंबर म्हणजे भली मोठी थंड खोली. तिथे बेताचा गारवा आणि बेताचा गॅस दिला की चार-पाच दिवसांत त्याला पिवळा रंग फुटतो. रंग फुटला की लगेच बाहेर काढून गाडीत भरायचं. घाई केली तर व्यापारी तोंड वाकडं करतो, उशीर केला तर केळंच तोंडावर काळे ठिपके आणून दाखवतं. सगळा खेळ एका प्रश्नाचा: कुठला माल कधी कापला आणि आज कुठला बाहेर काढायचा?

मी तिथे लागले तेव्हा शेठनी आपला चेंबर आणि शेजारचे दोन मिळून एक कंपनी केली होती. त्या वर्षांना शेठ 'इंटिग्रेशन' म्हणत. शब्द त्यांनी इंदूरच्या कुठल्याशा मीटिंगमध्ये ऐकला होता आणि घरी येताना मिठाईसारखा आणला होता. तीन वजनकाटे, तीन मुनीम, तीन कॉम्प्युटर आणि तारीख लिहायच्या तीन तऱ्हा एका छपराखाली नांदवायच्या, म्हणजे इंटिग्रेशन. एकत्र कुटुंबात थोरली सून म्हणून आल्यामुळे मला त्या कामाचा पूर्वानुभव होता.

त्यातला एक वजनकाटा मनानं अमेरिकेत राहायचा. उभा होता शाहपूर रस्त्यावरच, पण तारीख लिहिताना महिना आधी आणि दिवस नंतर. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत कुणाला काही संशय येत नसे, कारण बारापर्यंतचा कुठलाही आकडा महिना म्हणून खपतो. तेरा तारीख उजाडली की माझ्या पडद्यावर तेरावा महिना उगवायचा. नारायणकाका म्हणजे आमच्या फाटकावरचे मुनीम, जुने गृहस्थ, आवक लिहून घ्यायचं काम त्यांचं. मी तक्रार केली तर ते चष्मा वर करून शांतपणे म्हणाले, "तेरावा महिना? बाई, औंदा अधिक मास लागला का?"

मी त्यांना म्हटलं, "काका, अधिक मास दर महिन्याच्या तेरा तारखेला लागत नाही."

"तुमच्या मशीनचं काय सांगावं," काका म्हणाले आणि चष्मा खाली केला.

ते प्रकरण मिटलं. मग शेठना घाई सुटली.

रोज सकाळी माझा प्रोग्राम सगळ्या चेंबरमधला माल, सगळ्या गाड्या आणि सगळ्या मागण्या यांची जुळवाजुळव करून यादी काढायचा: आधी हा माल, मग तो. त्याला वेळ लागे. तेवढ्यात चहा व्हायचा, शेठ आणि काका कप हातात घेऊन चेंबरांतून एक फेरी मारून यायचे, केळ्यांना बोटं लावायचे, आणि परत येईपर्यंत यादी तयार. शेठ यादीकडे बघून म्हणायचे, "मॅडम, तुमचा कॉम्प्युटर जे आता सांगतो ते आम्ही आत जाऊन बघून आलो." मला हे फार लागे. मी ठरवलं, याला पळवायचाच.

माझा प्रोग्राम पायथन नावाच्या भाषेत होता. ती भाषा माझ्यासारख्या माणसांना सोपी, पण यंत्राला कळत नाही. मध्ये दुभाषा लागतो. साधा दुभाषा भला माणूस. एकेक वाक्य ऐकतो, भाषांतर करतो, यंत्राला सांगतो. तेच वाक्य लाख वेळा आलं तर लाख वेळा नव्यानं भाषांतर करतो. कंटाळत नाही, पण वेळ खातो. त्याच्या जागी मी एक दुसरा दुभाषा नेमला. हा ऐनवेळी, काम समोर आलं की, सगळा मजकूर एकदाच यंत्राच्या भाषेत उतरवून ठेवतो आणि मग धडाधडा म्हणून दाखवतो. पहिल्या खेपेला तो थोडा घोटाळतो, पुढे वाऱ्यासारखा. चहाचं आधण ठेवायच्या आत यादी हजर होऊ लागली. शेठ खूश. मी तर इतकी खूश की घरी पोळ्या लाटताना गुणगुणायला लागले; मिस्टरांनी विचारलं, "पगार वाढला का?"

फक्त या नव्या दुभाष्याची एक अट होती. आत येताना निव्वळ आकडे पाठवा. तारखेसारखी नटून आलेली मंडळी त्याला चालत नसत, निदान मी ज्या थाटात पाठवत होते त्या थाटात तरी नाहीच. मग मी दारातच तारखेचा फेटा, उपरणं, अंगरखा उतरवून घेई. खाली उरे तो फक्त आकडा: एकोणीसशे सत्तरच्या पहिल्या जानेवारीपासून किती वेळ उलटला. कॉम्प्युटरवाल्यांचं जग बहुतेक त्या दिवशी सुरू झालं. त्याआधीचं सगळं उणे. आमचे मिस्टर एकोणसत्तरचे, म्हणजे हिशेबानं उणे. हे मी त्यांना कौतुकानं सांगितलं. त्यांना ते कौतुक वाटलं नाही.

एवढी प्रस्तावना अशासाठी की आता माझे दीर येणार आहेत.

भास्करभाऊजी माझे धाकटे दीर. चाळिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप, पण घरात सगळे त्यांना 'भास्कऱ्या' म्हणत, कारण आमचे चुलतसासरे, अण्णा, तसं म्हणत. केळीच्या बाजारात अण्णांच्या नावाला वजन होतं. घरातला सगळा माल त्यांच्याच नावानं जाई. त्या वर्षी भाऊजींनी पहिल्यांदा स्वतःच्या नावानं बाग लावली. इंदूरच्या व्यापाऱ्याकडे शेतकऱ्याचा पहिला माल जसा उतरतो तशी त्याची ओळख होते. चांगला उतरला तर नाव झालं. फसला तर पुन्हा अण्णांच्या नावामागे उभं राहायचं, बहुधा कायमचं. अण्णा ओसरीवर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "भास्कऱ्याचा माल इंदूरले? जाऊ दे, जाऊ दे. परत किती येते ते पाहू."

भाऊजी त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाले, "वहिनी, मले फक्त एवढं पाहिजे, का माल परत येऊ नये."

"मी आहे ना चेंबरला," मी म्हटलं. "आमचं मशीन चूक करत नाही."

असं वाक्य माणसानं कणीक मळताना बोलू नये. हात अडकलेले असतात, परत घेता येत नाही.

आता आमच्याकडची एक रीत. तापीकाठच्या बऱ्याच घरांत बागेतला पहिला कापलेला घड इच्छापूरला देवीपुढे जातो. तिथून प्रसाद परत येईपर्यंत माल निघाला असं कुणी म्हणत नाही. ट्रॅक्टर चेंबरच्या दारात येऊन रिकामा झाला तरी म्हणायचं, माल अजून बागेतच आहे. हा देवीचा मान. नारायणकाका तो मान पाळत. शेतकऱ्याचं नाव लिहीत, वजन लिहीत, चेंबर लिहीत, आणि कापणीच्या तारखेपाशी आले की पेन खिशाला लावत. प्रसाद आला, कपाळाला लावला, तोंडात टाकला, की मग तारीख. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

नवरात्राच्या आधीची घाई होती. उपासाच्या दिवसांत केळ्याला अंगठीतल्या खड्याचा भाव येतो. भाऊजींचा माल सकाळी चेंबरमध्ये उतरला, हिरवागार, एकसारखा. आणि भाऊजी पहिला घड मोटरसायकलला बांधून इच्छापूरला गेले. दुपारी परत आले ते कपाळभर कुंकू, हातात नारळाचा तुकडा आणि साखरफुटाणे. आधी काकांना दिले, मग मला.

"लिहा काका आता तारीख," भाऊजी म्हणाले. "आन् एकदा माल पाहून येऊ द्या."

आम्ही तिघं चेंबरपाशी गेलो. काकांनी दार ओढलं. आत गारवा होता, ओली फरशी होती आणि कोपऱ्यात कुणाच्या तरी हातून पडलेली केळ्यांची एक हिरवी फणी होती. बाकी काही नव्हतं.

"काका, माझा माल?"

"गेला की भाऊ."

"कुठं गेला?"

"इंदूरला. सकाळच्या गाडीनं."

भाऊजींच्या हातात साखरफुटाणे तसेच. "अहो, पण तो तर अजून बागेतून निघाला नाही!"

मला आज हसू येतं. तेव्हा पायाखालची फरशी चेंबरपेक्षा थंड झाली होती. मी काकांना विचारलं, "हिरवा माल भरला कसा? कुणी पाहिलं नाही?"

"हमाल म्हणले, हिरवा दिसते. मी म्हटलं, लांब जायचा असेल, लांबचा माल हिरवाच जातो. यादीत पयला नंबर होता, बाई." काका सुपारी या गालातून त्या गालात नेत म्हणाले, "मले वाटलं, घरचा माल आहे. बाईंनी पुढं केला असेल."

म्हणजे कंपनीत माझी ही पत होती. मी दिराचा माल पुढे सरकवणारी आहे, हे सगळ्यांनी न बोलता मान्य केलं होतं, आणि कुणाला त्यात वावगंही वाटलं नव्हतं. उलट काकांच्या चेहऱ्यावर समजूतदारपणा होता.

मी पडद्याकडे धावले. भाऊजींचा माल यादीत सगळ्यात वर, सगळ्यात जुना. कापणीची तारीख: सन सोळाशे सत्त्याहत्तर.

काय झालं ते मला उभ्या उभ्या कळलं. रिकाम्या तारखेसाठी जुन्या, सावकाश दुभाष्याकडे एक वेगळी खूण असते. ती खूण म्हणजे कोर्टातला कसलेला साक्षीदार. हा माल त्या मालापेक्षा जुना आहे का? नाही. नवा आहे का? नाही. त्याच दिवसाचा आहे का? तेही नाही. प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणणाऱ्याला कोण कामाला लावणार? तसा माल आपोआप बाजूला पडून राहायचा. पण मी दारातच अंगरखे उतरवत होते. त्या खुणेचा अंगरखा उतरवला की आत उरतो यंत्राला लिहिता येईल तो सगळ्यात लहान आकडा. आणि आमचं यंत्र वेळ मोजायचं सेकंदाच्या अब्जाव्या भागात. त्या मापानं तो आकडा मागे मागे नेला की थेट सतराव्या शतकात जाऊन पडतो. तेव्हा आमच्या बुऱ्हाणपुरात मुघलांचा सुभेदार नांदत होता. भाऊजींची केळी त्याच्या अमदानीत कापलेली. एवढा जुना माल आधी नाही काढायचा तर कधी?

प्रोग्राम खोटं बोलला नव्हता. कुणाला माहीत नसलेली गोष्ट त्यानं ठासून सांगितली होती. माणसांत राहून राहून त्यालाही ती खोड लागली असेल.

ड्रायव्हरचा फोन लागेना. शेठ इंदूरच्याच मीटिंगला गेलेले. "बसा वहिनी," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी मोटरसायकलला लाथ मारली. दिराच्या गाडीवर बसायचा मला सराव नव्हता, त्यांना मला बसवायचा नव्हता. असीरगडाच्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही दोघं एखाद्या फोटोत बसावं तसे ताठ बसून होतो.

मग भाऊजी न वळता म्हणाले, "अण्णाले सांगू नका."

"नाही सांगणार."

"इंदूरवाला क्रेट उघडून पाहीन आन् म्हणीन, हा कोण भास्कर? कच्चा माल पाठवते?"

रस्त्यावरचा खड्डा गेल्यावर ते पुन्हा म्हणाले, "मशीन चूक करत नाही म्हणले होते तुम्ही."

"मशीननं नाही केली, भाऊजी."

"मंग कोणं केली?"

या प्रश्नाला उत्तर एकच होतं आणि ते त्यांच्या मागेच बसलं होतं, म्हणून मी पदर सावरला.

गडाच्या अलीकडे मालाचा नाका आहे. तिथे, बाभळीच्या सावलीत, आमची गाडी उभी. ड्रायव्हर खाटेवर पाय पसरून पडलेला. फोन बंद कारण चार्जिंग संपलेलं. आणि टेबलामागे नाक्याचे बाबूजी, समोर आमचा कागद, कागदावर एक दगड, दगडावर त्यांचा हात.

"मैडम, आप कंपनी से?" बाबूजींनी दगड उचलला. "ये पढ़िए. कटाई की तारीख, सोलह सौ सतहत्तर. इतना पुराना माल हम आगे कैसे जाने दें?"

गाडीबरोबरचा कागदही माझाच प्रोग्राम छापत असे. आकड्याला पुन्हा तारखेचा अंगरखा चढवायचं काम मीच केलं होतं आणि तो त्याला नेमका मुघली बसला होता.

"मैंने बोला साब को," ड्रायव्हर खाटेवरूनच म्हणाला, "माल ताज़ा है, हरा है, खोल के देख लो. बोले, देखना हमारा काम नहीं. काग़ज़ पर जो है सो है."

"साहेब, काग़ज़ में गलती है," मी म्हटलं.

"मोहर आपकी, दस्तख़त आपके मुनीमजी के. गलती कैसे?"

भाऊजी इतका वेळ नुसते गाडीकडे, त्या हिरव्या, न उघडलेल्या क्रेटांकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता. "साब," ते हात जोडून म्हणाले, "उस ज़माने में तो ये नाका भी नहीं था."

"इसीलिए तो तब निकल गया होगा," बाबूजी म्हणाले. "आज नहीं निकलेगा. वापस ले जाओ."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हसलो असतो आणि बाबूजींचा विचार बदलला असता. माल माघारी धाडणं ही त्यांच्या मते जबर शिक्षा होती. आम्ही ती खाली मान घालून स्वीकारली. भाऊजींनी तर जरा गयावयाही केली, शोभेपुरती. मग खिशातले साखरफुटाणे काढून त्यांच्यापुढे धरले. "देवी का प्रसाद है."

बाबूजींनी चपला काढून प्रसाद घेतला, आणि विचारलं, "ये तो इसी साल का है ना?"

माल परत आला. गाडीतून हिरवा उतरवला, पिवळा चढवला. कागद काकांनी हातानं लिहिला. मग भाऊजींसमोर, कुंकू कपाळावर असताना, आवकेत तारीख पडली आणि माल अधिकृतपणे बागेतून निघाला. पुढे रंग फुटला तेव्हा इंदूरला गेला. त्या व्यापाऱ्याचा शेठना फोन आला, "ये भास्कर कौन है? इसका और भेजो." शेठनी तो निरोप स्पीकरवर लावला. काकांनी तो गावभर लावला. ओसरीवर अण्णा जेवताना भाजी मागावी तसं म्हणाले, "भास्कर, त्या इंदूरवाल्याचं काय म्हणणं हाये?" भास्कऱ्याचा भास्कर झाल्याचं घरात सगळ्यांनी ऐकलं. जाऊबाईंनी भाऊजींच्या पानात न मागता आणखी एक पोळी वाढली.

माझ्या हाती दुरुस्ती आली. आकड्यांच्या जगात 'माहीत नाही' म्हणायला जागाच नसते. मग मी त्या मुघली तारखेलाच ते काम दिलं. ती तारीख दिसली की प्रोग्रामनं तो माल यादीत घ्यायचा नाही, लाल रंगात वेगळा दाखवायचा आणि खाली लिहायचं: जाऊन पाहा.

शेठनी ते वाचलं. "मॅडम, इतका फास्ट केला, आणि आता म्हणतो जाऊन पाहा?"

"हो."

"पहले तो हम जाके ही देखते थे."

यादी चहाच्या आधी यायला लागली तेव्हा शेठची आणि काकांची ती फेरी बंद पडली होती. चहा आता टेबलाशी होत असे आणि केळ्यांना कुणी बोट लावत नसे. ती फेरी प्रोग्राममध्ये कुठे लिहिलेली नव्हती, त्यामुळे मी ती उडवली हे मला कळलंच नाही. लाल ओळ आली की शेठ कुरकुरत उठत, काका मागे जात. पूर्वीएवढी नाही, पण थोडी फेरी परत आली. मी आयुष्यात वेग वाढवायचा पगार घेतला. मनापासून आठवतं ते काम माणसांना उठवून चालायला लावण्याचं.

पुढे कंपनीनं इंदूरच्या मुलांकडून नवी सिस्टीम घेतली. मला शाल, नारळ आणि केळ्यांचा एक क्रेट मिळाला. नारायणकाकाही घरी बसले. नवी सिस्टीम देखणी आहे, पण तिला रिकामी जागा खपत नाही. तारखेचा चौकोन भरल्याशिवाय ती पुढे सरकतच नाही. मला वाटलं, संपली रीत.

परवा दुपारी फोन आला. इंदूरचा एक मुलगा, फार अदबीनं बोलणारा. "मैम, आपका नंबर गेट के मुनीमजी ने दिया. हमारे डेटा में कुछ कचरा है. केले की एंट्री है, कटाई सोलह सौ सतहत्तर. हर साल कुछ आ जाती हैं, आज भी एक आई है. गेट पर पूछा तो बोले, काका सिखा गए हैं, मुग़लों की तारीख डालो. डिलीट कर दें?"

"आज की एंट्री में नाम किसका है?"

त्यानं वाचलं. भाऊजींच्या थोरल्याचं नाव होतं. औंदा त्यानं पहिल्यांदा स्वतःच्या नावानं बाग लावली आहे. भाऊजी सकाळीच घड बांधून इच्छापूरला गेले होते. जाताना आमच्या दाराशी थांबून चहा घेऊन गेले होते.

मी घड्याळाकडे पाहिलं. ते आता परतीच्या वाटेवर असतील.

"रहने दो बेटा," मी म्हटलं. "शाम तक ताज़ा हो जाएगा."